हाड ठिसूळ, शीर टणक

वर्धा शहराच्या भोवती ‘मेघे’ हे उपपद मिरवणारी काही गावे आहेत. सावंगी हे त्यांपैकी एक. १९९० साली येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, आणि ज्या रस्त्याने पूर्वी कापसाच्या बंड्या जात त्या रस्त्याने गावोगावचे रुग्ण येऊ लागले. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या दारात घटकाभर उभे राहावे. दोन तऱ्हेची वयस्क माणसे हमखास दिसतात. एकाचा खुबा मोडलेला असतो. नातेवाईक त्याला उचलून आणतात. दुसऱ्याचे तोंड वाकडे झालेले असते, एक हात लुळा पडलेला असतो; त्याला आपण लकवा म्हणतो. पहिल्याला हाडांच्या विभागाकडे नेतात, दुसऱ्याला मेंदूच्या. दोन दारे, दोन केसपेपर, दोन डॉक्टर. या दोन माणसांचे एकमेकांशी काही नाते आहे काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

आम्ही वैद्य नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. कामगारांच्या भरपाईचे कागद लिहिता लिहिता आम्ही वैद्यकाची पुस्तके वाचावयास शिकलो. या प्रश्नाकडे आम्हांला वळविले तेही एका कागदानेच. काही वर्षांपूर्वी ठेकेदाराकडे काम करणारी एक सफाई कामगार बाई कामावर पडली आणि तिचा खुबा मोडला. ठेकेदाराने लिहून दिले, वयोमानाने पडली. आम्ही उलट लिहिले, फरशी ओली होती. बाई मात्र खाटेवरून आम्हांला सांगत होती, “भाऊ, मी घसरली नाही. पायच उचलला नाही.” आम्ही ते ऐकले आणि सोडून दिले, ओल्या फरशीचा मुद्दा त्याने कच्चा झाला असता. पुढे दुसऱ्या कारणाने तिच्या मेंदूचे चित्र काढावे लागले, तेव्हा त्यात जुन्या, बारीक झटक्यांच्या खुणा निघाल्या. हाड मोडण्यापूर्वीच मेंदूत काही बिघडले होते. ठेकेदार चुकला होता, आणि आम्हीही चुकलो होतो.

एका बाईच्या उदाहरणाने शास्त्र सिद्ध होत नाही. म्हणून आपण इतिहासाकडे वळू.

प्रथम हाडाची गोष्ट घेऊ. मुडदूस हा लहान मुलांचा हाडे मऊ पडण्याचा रोग. १६५० साली इंग्लंडात फ्रान्सिस ग्लिसन याने त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे कारखाने आले, शहरांवर धुराचे छत्र पसरले, गल्ल्या अरुंद झाल्या, आणि मजुरांच्या मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकू लागले. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टराने निरनिराळ्या देशांतून माहिती गोळा करून सांगितले की जेथे ऊन भरपूर तेथे हा रोग कमी. जपानात राहून आलेल्या या माणसाचे कोणी फारसे ऐकले नाही. १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा दिवा धरला आणि त्यांची हाडे पुन्हा भरून आल्याचे क्ष-किरणांच्या चित्रांत दाखविले. १९२२ साली अमेरिकेत मॅकॉलम याने माशाच्या तेलातील तो गुणकारी पदार्थ वेगळा ओळखला. त्यालाच पुढे ड जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

त्याच १९२२ साली आपल्या महाराष्ट्रात, नाशिकला, हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. या पाहणीची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. शेतात राबणाऱ्या गरिबांचे अन्न निकस, दूध जवळजवळ नाहीच. तरी त्यांच्यात मुडदूस आढळत नव्हता. उलट ज्या सुखवस्तू घरांत, हिंदू असोत वा मुसलमान, बायकांना पडद्यात ठेवण्याची चाल होती, तेथे खाण्यापिण्याची ददात नसूनही मुलांना मुडदूस आणि तरुण स्त्रियांना हाडे मऊ पडण्याचा रोग होत होता. आईबरोबर तान्हे मूलही अंधाऱ्या खोलीत वाढत होते. रोग घराच्या मजबूत भिंतीआड होता आणि त्याचे औषध अंगणात पडले होते. रोग नेहमी गरिबाच्याच घरी जातो असे आम्ही चळवळीतले लोक म्हणत असतो. नाशिकने दाखविले की रोगाला दारिद्र्य हे एकच दार नाही. कोंडलेपण हेही एक दार आहे.

परंतु एवढ्यावरून ‘गरिबाला ऊन मिळते, त्याची हाडे लोखंडाची’ असा समज करून घेणे धोक्याचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. वीणा शत्रुघ्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० ते ६० वर्षे वयाच्या, कमी उत्पन्नाच्या घरांतील २८९ स्त्रियांची हाडे मोजली. ती पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. या कष्टकरी बायांची हाडे लहान वयातच विरळ झालेली आढळली. ऊन लागते हे खरे, पण हाड नुसत्या उन्हाचे बनत नाही. त्याला चुना लागतो, प्रथिने लागतात, म्हणजेच दूध, डाळ आणि भाजी लागते. नाशिकच्या वाड्यात ऊन नव्हते. हैदराबादच्या या घरांत ताटात पुरेसे नव्हते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मुडदुसात हाड मऊ होते, त्यात चुना नीट बसत नाही. म्हातारपणी जे होते ते निराळे. तेथे हाडाची वीणच विरळ होते, वाळवी लागलेल्या वाशासारखी. बाहेरून वासा अखंड दिसतो, भार पडला की मोडतो. याला अस्थिसुषिरता म्हणतात. पाळी गेल्यानंतर स्त्रीच्या शरीरातील स्त्रीरसाचा पुरवठा आटतो आणि हाड झपाट्याने विरळ होते, हे अमेरिकेतील फुलर अल्ब्राइट याने १९४० च्या सुमारास मांडले. तोवर म्हातारीचे वाकणे ही देवाची करणी समजली जात होती.

आता शिरेची गोष्ट. १९११ साली मार्क रफर याने इजिप्तमधील हजारो वर्षांच्या ममींच्या धमन्या तपासल्या, तेव्हा त्यांत चुना साचून त्या टणक झालेल्या आढळल्या. म्हणजे धमनी टणक होणे हा काही केवळ मोटारगाडीच्या युगाचा रोग नव्हे. टणक धमनीतून रक्त ढकलावयाचे तर दाब वाढतो, आणि वाढलेला दाब धमनीला आणखी टणक करतो.

या गोष्टीतले एक पान आपल्या जिल्ह्यातले आहे. गांधीजी १९३६ साली सेगावात राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. येथल्या वास्तव्याच्या काळात त्यांना रक्तदाबाचा विकार होता. १९४० च्या फेब्रुवारीत तो २२० वर ११० इतका भरल्याची नोंद आहे. देह सडपातळ, वजन ४७ किलोच्या आसपास, चालणे रोजचे, व्यसन कसले नाही. तरी दाब एवढा! ‘बारीक माणसाला प्रेशर नसते’ असे आजही आमचे कामगार सांगतात. त्यांना आम्ही सेवाग्रामचा दाखला देतो.

त्या काळी रक्तदाबावर खात्रीचे औषध जवळजवळ नव्हते. सर्पगंधा ही आपल्या रानातली मुळी वैद्य लोक वापरीत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर ती पद्धतशीर वापरून १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष छापले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष गेले. १९५२ साली त्या मुळीतून रेसर्पिन हे औषध निघाले आणि १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे हाडाचे एक मोठे पान नाशिकला लिहिले गेले आणि शिरेचे एक मोठे पान मुंबईला. दोन्ही पाने एकाच वहीतली आहेत, हे मात्र त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते.

ठाऊक होणार तरी कसे? मोजण्याची साधनेच नव्हती. साध्या क्ष-किरण चित्रात हाड विरळ दिसू लागते तेव्हा त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. १९६३ साली कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी हाडातून किरण पाठवून त्याची घनता मोजण्याची रीत काढली. १९८७ च्या सुमारास आज ज्याला डेक्सा म्हणतात ते यंत्र बाजारात आले. मेंदूचेही तसेच. १९७० नंतर सीटी स्कॅन आणि त्यामागून एमआरआय आला, तेव्हा जिवंत माणसाच्या मेंदूच्या आत पाहता येऊ लागले. मोठा झटका कधीही न आलेल्या वृद्धांच्या मेंदूतही पांढुरके डाग दिसू लागले. कॅनडातील हाचिन्स्की यांनी १९८० नंतरच्या दशकात त्यांकडे लक्ष वेधले. मेंदूतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आजारल्या की असे डाग पडतात. त्याने एकदम लकवा होत नाही. चाल मंदावते, पाऊल अडखळते, तोल जातो, विसर पडू लागतो. आमच्या बाईचे ‘पायच उचलला नाही’ हे त्याच भाषेतले वाक्य होते.

साधने आली आणि दोन्ही पाने जवळ येऊ लागली. अमेरिकेत ६५ वर्षांवरील ९,७०४ स्त्रियांची हाडे मोजून त्यांच्यावर लक्ष ठेवले होते. हेतू एवढाच, की कोणाचे हाड मोडते ते पाहावे. १९९१ साली ब्राउनर आणि सहकारी यांच्या ध्यानात आले की ज्यांचे हाड विरळ त्या केवळ हाड मोडून नव्हे, तर इतर रोगांनीही अधिक मरतात, आणि त्यांत मेंदूचा झटका ठळक आहे. १९९३ साली त्यांनी यांपैकी ४,०२४ स्त्रियांचा दोन वर्षांचा हिशेब दिला. ८३ जणींना झटका आला होता. टाचेच्या हाडाची घनता एका ठराविक टप्प्याने कमी, की झटक्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी जास्त. रक्तदाब, मधुमेह हे सारे हिशेबात धरूनही.

मग प्रश्न पडला, हाडातून गेलेला चुना जातो कोठे? फ्रॅमिंगहॅम हे अमेरिकेतील लहानसे गाव; तेथील लोकांची प्रकृती १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या तपासली जात आहे. २००१ साली तेथील ३६४ स्त्रिया आणि १९० पुरुष यांची २५ वर्षांची चित्रे ताडून पाहिली गेली. ज्या स्त्रियांच्या हाताचे हाड अधिक झिजले त्यांच्याच पोटातील महाधमनीत चुन्याचा थर अधिक चढला होता. पुरुषांत हे नाते तितके स्पष्ट दिसले नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांनी यापेक्षाही चकित केले. १९९७ साली असे दिसले की एक विशिष्ट प्रथिन नसलेल्या उंदरांच्या धमन्या पाहता पाहता चुन्याने कडक होतात आणि ते दोन महिन्यांत मरतात. म्हणजे धमनी मऊ राहते ती आपोआप नव्हे. चुन्याला बाहेर ठेवणारा पहारा तेथे सतत चालू असतो. १९९८ साली ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन नसलेले उंीर तपासले, तर त्यांची हाडे विरळ आणि धमन्या टणक, दोन्ही एकदम! एकाच पहारेकऱ्याच्या गैरहजेरीत एका घरातून माल जात होता आणि दुसऱ्या घरात नको तो माल येत होता. तोच चुना उचलून तिकडे नेला जातो असे मात्र समजू नये. दोन्ही घरांचा बंदोबस्त काही अंशी एकाच हाती आहे, एवढेच याने कळले.

याशिवाय दोघांचे शत्रूही पुष्कळसे सामाईक आहेत. विडी-सिगारेट हाडही झिजविते आणि धमनीही बिघडविते. फार मीठ खाल्ले तर रक्तदाब चढतो आणि लघवीवाटे चुना जातो. मूत्रपिंड बिघडले की हाड आणि धमनी दोघांचेही नुकसान होते. बसून राहणे दोघांनाही मारक. बर्लिनच्या युलियस वोल्फ याने १८९२ साली सांगितले होते की हाडावर जसा भार पडतो तसे ते घडते. काम दिले तर हाड टिकते, काम काढून घेतले तर ते झडते. म्हणूनच लकव्याने लुळ्या पडलेल्या बाजूचे हाड लवकर विरळ होते आणि तोल जाऊन माणूस पडला की बहुधा त्याच बाजूचा खुबा मोडतो. खुबा मोडला की अंथरूण, अंथरुणाने आणखी झीज. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरते. मेंदू हाडाला पाडतो, आणि पडलेले हाड माणसाला निजवून ठेवते.

नाते आहे म्हणून एका उपायाने दोन्ही बरे होईल, असे मात्र कोणी समजू नये. येथे इतिहासाने मोठा धडा दिला आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांना बाहेरून स्त्रीरस दिला तर हाडही वाचेल आणि शीरही, अशी विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांची समजूत होती. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर याची कसोटी लावली. २००२ साली ती मुदतीपूर्वी थांबवावी लागली. खुबा मोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले होते. पण मेंदूचे झटके ४१ टक्क्यांनी वाढले होते. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही तसेच. २५,८७१ माणसांना काही वर्षे गोळ्या किंवा नकली गोळ्या देऊन पाहिले. सरसकट सर्वांना गोळ्या देऊन हृदयविकार व झटके कमी होत नाहीत, हे २०१८ साली कळले. हाडे मोडणेही कमी होत नाही, हे २०२२ साली कळले. ज्यांच्या अंगी खरोखर उणीव आहे त्यांची गोष्ट निराळी. त्यांना ती डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावीच लागते. पण दुकानातून चुन्याच्या गोळ्यांचा डबा आणला आणि मेंदूची काळजी मिटली, असे नव्हे.

२०२३ साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथील पाहणी प्रसिद्ध झाली. सरासरी ७२ वर्षे वयाची, स्मृतिभ्रंश नसलेली ३,६५१ माणसे सरासरी ११ वर्षे पाहिली. ६८८ जणांना पुढे स्मृतिभ्रंश झाला. ज्यांची हाडे सर्वांत विरळ अशा १,२११ जणांपैकी ९० जणांना दहा वर्षांच्या आत तो झाला. ज्यांची हाडे सर्वांत भरीव अशा तितक्याच माणसांत ५७ जणांना. याचा अर्थ विरळ हाड स्मृतिभ्रंश घडविते असा नाही. कदाचित मेंदूतला बिघाड फार आधी सुरू होऊन माणसाचे चालणे-खाणे कमी होत असेल आणि हाड त्याची पहिली खबर देत असेल. साक्षीदार आणि गुन्हेगार यांत फरक असतो. पण साक्षीदाराची जबानी तरी आपण घेतली पाहिजे.

इतक्या शतकांची ही हकिकत सांगण्याचे प्रयोजन काय? ज्ञानाने शरीराचे विभाग पाडले ते सोयीसाठी. हाडांचा वैद्य वेगळा असावा, मेंदूचा वेगळा असावा. त्यावाचून एवढे शोध लागलेच नसते. परंतु सोयीसाठी घातलेली भिंत पुढे आपण खरी मानू लागतो. नाशिकच्या वाड्यांतील भिंतीही कोणाच्या तरी सोयीच्याच होत्या.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात उन्हाला तोटा नाही. तरी रात्रपाळीचा पहारेकरी, तळघरातील धुलाई कामगार, दिवसभर खोलीत शिलाईयंत्रावर बसलेली बाई, यांच्या अंगावर ते किती पडते? आणि मे महिन्याच्या दुपारी उन्हात उभे केलेल्या मजुराला ते औषध म्हणून मिळते की शिक्षा म्हणून? सकाळचे थोडे ऊन, ताटात डाळ आणि दूध, हिंडण्याफिरण्याची फुरसत, मीठ आणि तंबाखू यांना आवर, आणि चाळिशीनंतर वर्षातून एकदा तरी रक्तदाबाची तपासणी: यांत महाग असे काही नाही. जे महाग आहे ते वेळ आणि मजुरी यांच्या रूपाने महाग आहे, आणि ते मागून घ्यावे लागते. त्याचप्रमाणे, साध्या पडण्याने ज्याचे हाड मोडले त्याचा रक्तदाब, त्याची चाल, त्याचा तोल यांचीही विचारपूस व्हावी. आणि ज्याला लकवा झाला त्याच्या हाडांची काळजी पहिल्या आठवड्यापासून घेतली जावी, त्याला शक्य तितक्या लवकर उभे केले जावे. श्रोत्यांपैकी प्रत्येकाने आपल्या घरच्या वृद्धासाठी डॉक्टरांना एवढे दोन प्रश्न विचारले, तरी हे व्याख्यान वाया गेले नाही असे आम्ही समजू.

आमच्यापुरती आम्ही एक सुधारणा केली आहे. अपघाताचा कागद लिहिताना पूर्वी आम्ही जागा, वेळ, साक्षीदार आणि फरशीची अवस्था एवढेच लिहीत असू. आता त्यात एक ओळ अधिक आहे: पडण्यापूर्वी काय झाले, ते पडलेल्या माणसाच्या शब्दांत. ती ओळ आम्ही आपल्या भाषेत सुधारून लिहीत नाही. बाई जसे बोलली तसेच उतरवितो आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवतो.